अर्ध्या चौकटीचा कॅमेरा



या व्याख्यानमालेत आपण आजवर इतिहास ऐकला, संतवाङ्मय ऐकले, शेती आणि आरोग्य यांवरही ऐकले. आजचा विषय त्या मानाने लहान आहे. इतका लहान की तो कोटाच्या खिशात मावतो, आणि आम्ही तो तसाच घेऊन आलो आहोत. हा पाहा. हा अर्ध्या चौकटीचा जुना कॅमेरा. चालकांना हा विषय सांगितला तेव्हा त्यांनी प्रथम आमच्याकडे आणि मग एकमेकांकडे पाहिले. कॅमेरा हा दुकानदाराचा विषय, व्यासपीठाचा नव्हे, असे त्यांच्या मनात आले असावे. तरी त्यांनी भिडेखातर होकार दिला. आता तो होकार चुकला की काय, हे आपण तासाभराने ठरवावयाचे आहे.

प्रथम नावाची मौज सांगून टाकतो. या कॅमेऱ्याच्या कपाळावर इंग्रजीत पी, ई, एन अशी तीन अक्षरे कोरलेली आहेत. आपल्या पेणच्या रेल्वेस्थानकाच्या पाटीवरही इंग्रजीत तीच तीन अक्षरे आहेत. एका पेणकर स्नेह्यांनी हा कॅमेरा हातात घेऊन आम्हांला विचारले, "काय हो, हा आपल्या गावात तयार होत असे काय?" आम्ही म्हणालो, "नाही. गणपती पेणचे, कॅमेरा जपानचा." जपानच्या ऑलिंपस कंपनीने १९५९ साली हा कॅमेरा काढला आणि लेखणीसारखा सहज खिशात टाकून हिंडता यावा म्हणून त्याला 'पेन' असे नाव दिले. आपल्या नावातला ण त्यात नाही. तरीसुद्धा पेण, रोहा आणि हा कॅमेरा यांची गाठ एकदा पडली होती, आणि त्या गाठीमुळेच आज आम्ही बोलावयास उभे आहोत.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी रोह्यातील एका परिचित घरातून आमच्याकडे एक जुने पाकीट आले. त्यात फोटोंच्या काही प्रती आणि निगेटिव्हच्या सहा पट्ट्या होत्या. प्रती मोठ्या चमत्कारिक होत्या. प्रत्येक प्रतीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ, आणि रेघेच्या दोन्ही अंगांस दोन निराळी चित्रे. एकीत डावीकडे रंग न लावलेली गणपतीची मूर्ती आणि उजवीकडे एस.टी.चा थांबा. दुसरीत डावीकडे पाटावर बसलेले आजोबा आणि उजवीकडे नुसतेच ढग. "कॅमेरा बिघडला होता, फोटो एकमेकांत घुसले," अशी घरातील वडील मंडळींनी समजूत करून घेतली होती, आणि त्या समजुतीवर ते पाकीट पन्नासएक वर्षे कपाटात पडून होते. घर रंगवावयास काढले तेव्हा ते रद्दीत चालले होते. सूनबाईंनी ते बाजूला काढले, म्हणून वाचले.

श्रोतेहो, कॅमेरा बिघडलेला नव्हता. तो आपले काम चोख करीत होता. बिघाड समजुतीत होता. तो कसा, हे कळावयाचे तर फिल्मच्या पट्टीकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल.

फिल्मची ही पट्टी ३५ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या दोन्ही काठांना ओळीने भोके असतात. कॅमेऱ्यातील दातेरी चाक या भोकांत दाते घालून पट्टी पुढे ओढते. नेहमीच्या कॅमेऱ्यात एका चित्रासाठी पट्टी आठ भोके पुढे सरकते. आठ भोके म्हणजे ३८ मिलिमीटर. त्यांतील दोन मिलिमीटर दोन चित्रांमधील मोकळ्या जागेस जातात आणि ३६ बाय २४ मिलिमीटरची आडवी चौकट उरते. अर्ध्या चौकटीच्या कॅमेऱ्यात पट्टी चारच भोके सरकते. म्हणजे १९ मिलिमीटर. एक मिलिमीटर मोकळ्या जागेस गेला की १८ रुंद आणि २४ उंच अशी उभी चौकट मिळते. परिणाम उघड आहे. ज्या रोलमध्ये ३६ चित्रे निघावयाची, त्यात ७२ निघतात. आता प्रती छापणाऱ्याचे यंत्र आठ भोकांच्या हिशेबाने लावलेले असले आणि चालविणाऱ्याने लक्ष दिले नाही, तर ते दोन चित्रे एक समजून एकाच कागदावर छापते. मधली मोकळी जागा निगेटिव्हवर पारदर्शक असते, म्हणून प्रतीवर तिची काळी रेघ उमटते. रोह्याच्या पाकिटातील कोडे एवढेच होते.

परंतु या 'अर्ध्या' शब्दाविषयी आमची थोडी तक्रार आहे. कोणतीही वस्तू अर्धी ठरते ती दुसऱ्या वस्तूच्या तुलनेने. ३५ मिलिमीटरची भोकांची पट्टी जन्माला आली ती चलच्चित्रासाठी. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात डिक्सन याने ती सिद्ध केली आणि तिच्यावर दर चित्रास चारच भोके दिली. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात पट्टी वरून खाली जाते, त्यामुळे तेथे चौकट आडवी पडते, २४ रुंद आणि १८ उंच; पण माप तेच. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला, तो याच मापाच्या चौकटींत. त्या दिवशी कोणी म्हटले नाही की चित्र अर्धे आहे.

पुढे जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीच्या ऑस्कर बर्नाक याने हीच पट्टी स्थिर चित्रांसाठी लहान कॅमेऱ्यात आडवी घातली आणि चित्र मोठे यावे म्हणून चौकट दुप्पट केली. त्याचा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि इतका गाजला की दुप्पट चौकट 'पूर्ण' म्हणून रूढ झाली. मूळची चौकट बिचारी 'अर्धी' ठरली. थोरल्या भावाच्या घरी धाकटा जन्मावा, धाकटा धिप्पाड निघावा, आणि लोकांनी थोरल्याला ठेंगू म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

दादासाहेबांचे नाव निघाले म्हणून त्यांचा आणखी एक प्रयोग सांगावासा वाटतो, कारण आजच्या विषयाचे मर्म त्यात आहे. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढावयाचा तर भांडवल हवे, आणि भांडवलवाल्यांना या विद्येवर विश्वास नव्हता. तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट घेत गेले. ती पट्टी पडद्यावर चालविली तेव्हा माती फोडून अंकुर वर येतो, वाढतो, वेल होतो, हे सारे काही क्षणांत लोकांना दिसले. 'अंकुराची वाढ' ती हीच. आता त्यात प्रत्यक्ष काय होते? एकेक सुटे, स्थिर, लहान चित्र. त्यातील एखादेच घेतले तर कुंडीतला एक कोंब, यापलीकडे काही नाही. पण ओळीने मांडले की वाढ दिसते. मोठे चित्र वस्तू दाखविते, लहान चित्रांची ओळ घडण दाखविते. एवढे आपण ध्यानात ठेवावे. याची आपल्याला शेवटी गरज पडेल.

आता कॅमेऱ्याकडे येतो. लहान चौकटीत स्थिर चित्रे घेण्याचे प्रयत्न १९५९ पूर्वीही झाले. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत 'टूरिस्ट मल्टिपल' नावाचा कॅमेरा निघाला होता. त्यात एकदा फिल्म भरली की ७५० चित्रे निघत. म्हणजे प्रवाशाने मोजदाद सोडून द्यावी. १९२० नंतरच्या दशकात 'अॅन्स्को मेमो' आला, त्यात ५० निघत. पण सामान्य माणसाच्या हाती ही लहान चौकट खऱ्या अर्थाने गेली ती जपानात, आणि ते काम केले योशिहिसा मैतानी या तरुणाने. त्याचा जन्म १९३३ चा. म्हणजे 'पेन' निघाला तेव्हा तो जेमतेम सव्वीस वर्षांचा, कंपनीत नुकता दाखल झालेला.

मैतानीने मनाशी ठरविले की ६००० येनांत कॅमेरा द्यावयाचा. त्या काळी चांगले कॅमेरे याच्या कितीतरी पट किमतीचे होते. आता स्वस्त म्हटले की पहिली कात्री भिंगावर चालते. भिंग बिनमहत्त्वाचे आणि बाहेरून चकाकी, असा बाजाराचा रिवाज. मैतानीने उलट केले. स्वतः लायका वापरणारा माणूस. त्याने प्रथम भिंग उत्तमच घ्यावयाचे ठरविले आणि पैशाचा मोठा वाटा तेथे खर्च केला. २८ मिलिमीटरचे, चार काचांचे, 'डी झुइको' हे ते भिंग. डी हे इंग्रजीतील चौथे अक्षर, म्हणून चार काचा. मग उरलेल्या पैशांत बाकीचे बसविणे भाग पडले. फिल्म पुढे सरकविण्याची तरफ आणि तिची दातेरी चाके महाग पडतात, म्हणून ती काढून मागील बाजूस अंगठ्याने फिरवावयाचे एक चाक बसविले. हे पाहा, अंगठा येथे बसतो आणि चाक कर्रकर्र असे फिरते. गरिबीतून निघालेली ही युक्ती पुढे या कॅमेऱ्याची ओळखच झाली.

लेकुरवाळ्या घरांत हा कॅमेरा जावा म्हणून १९६१ साली मैतानीने याचा दुसरा अवतार काढला, तो 'पेन ईई'. आमच्या हातात आहे तो त्याच कुळातला, १९६८ चा 'ईई-२'. भिंगाभोवती ही मण्यामण्यांची काचेची कडी दिसते ना, ती शोभेची नाही. तिच्यामागे सेलेनियम या मूलद्रव्याचा थर आहे. त्यावर उजेड पडला की त्यात किंचित वीज निर्माण होते. ती वीज आत एक काटा हलविते आणि काट्याच्या जागेवरून भिंगाचे छिद्र लहानमोठे होते. बॅटरी नाही, किल्ली नाही. उजेड हाच मालक आणि उजेड हाच नोकर. अंतर लावण्याचीही खटपट नाही, कारण भिंग लहान नाभ्यंतराचे असल्यामुळे थोड्या जवळचे आणि पुष्कळ दूरचे एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट येते.

आणि उजेड अपुरा असेल तर? आता या सभागृहातील दिवे बेताचेच आहेत. आम्ही बटण दाबून पाहतो. दबत नाही. अध्यक्ष महाशयांनी या खिडकीला डोळा लावून पाहावे. आत एक लाल जीभ वर आली आहे. कॅमेरा सांगतो आहे, "येथे नाही जमणार, फिल्म फुकट घालवू नका." आम्हांला या यंत्राचा हा गुण फार आवडतो. आपल्याला जे जमावयाचे नाही ते आधी सांगणे आणि दुसऱ्याचा खर्च वाचविणे, हे यंत्राला साधले. माणसांना नेहमी साधतेच असे नाही.

मैतानीची खरी करामत मात्र १९६३ च्या 'पेन एफ'मध्ये दिसते. भिंगातूनच पाहावयाचे आणि भिंगे बदलावयाची, असा मोठ्या कॅमेऱ्यांचा थाट त्याने या लहान देहात बसविला. अशा कॅमेऱ्यांच्या डोक्यावर काचेच्या लोलकाचे एक टेंगूळ असते. मैतानीने आतला आरसा आडवा हलणारा केला आणि प्रकाशाची वाट बाजूने वळवून नेली. टेंगूळ नाहीसे झाले. पडद्याच्या जागी त्याने टायटॅनियमच्या पत्र्याची फिरती चकती घातली.

मग इतरही उतरले. रिकोने १९६२ मध्ये 'ऑटो हाफ' काढला. त्याच्या पोटाखालचे बटण घड्याळासारखे पिळून ठेवले की फिल्म आपोआप पुढे सरके. कॅननने १९६३ मध्ये 'डेमी' काढला; डेमी म्हणजे फ्रेंच भाषेत अर्धा, नावातच कबुली. कोनिकाने १९६५ मध्ये असा कॅमेरा काढला की एक कळ फिरवून चालू रोलमध्येच पूर्ण चौकटीवरून अर्ध्यावर यावे. सोव्हिएत संघातून १९६५ मध्ये 'चायका' आला. चायका म्हणजे समुद्रपक्षी. १९६३ साली अंतराळात गेलेल्या व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हाचे सांकेतिक नाव हेच होते.

आपल्याकडे हे कॅमेरे दुकानांत रांगेने मांडलेले क्वचितच असत. परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. बोटीवर नोकरी करणारा, पुढे आखाती देशांत गेलेला कोणी घरचा माणूस सुटीवर येताना ट्रंकेत कपड्यांच्या घडीत एखादा घेऊन येई. येथल्या मध्यमवर्गीयाच्या हाती सामान्यतः असे तो बडोद्यास तयार झालेला 'आगफा क्लिक-३'. त्यात रुंद रोल बसे आणि चित्रे निघत मोजून बारा. बाराच म्हटल्यावर ती कशासाठी खर्च व्हावयाची हे ठरलेले. बारसे, मुंज, लग्न, आणि सर्वांनी ताठ उभे राहून काढलेला एक सामुदायिक फोटो. बाराच्या हिशेबात भात कांडणारी आजी बसत नाही, मिठागरावरचा आगरी बसत नाही, वडखळच्या नाक्यावर गाडीची वाट पाहणारी माणसे बसत नाहीत. बहात्तर म्हटले की हात सैल होतो. मौज अशी की, पुष्कळ घरांत मग रोल संपेचना. गणपतीत भरलेला रोल दिवाळी, संक्रांत करीत शिमग्यापर्यंत चाले. धुऊन येई तेव्हा पहिली चित्रे कशाची, हे घरच्यांनाच आठवत नसे. त्या कंटाळ्यापोटी का होईना, माणसे दाराबाहेर गेली आणि रस्त्यातले, शेतातले, कामातले जीवन टिपू लागली.

आता जमाखर्च मांडू. ज्या रोह्याशी चिंतामणराव देशमुखांचे नाव जोडलेले आहे, जे १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते, त्या रोह्यातले श्रोते समोर असता नुसती जमा सांगून खर्च लपविणे बरे नव्हे. पूर्ण चौकटीचे क्षेत्र ८६४ चौरस मिलिमीटर, अर्धीचे ४३२. सहा इंच लांबीची प्रत काढावयाची तर पूर्ण चौकट सव्वाचार पट वाढवावी लागते, अर्धी सव्वासहा पटीहून थोडी अधिक. जितके वाढवाल तितके फिल्मचे कण दिसू लागतात, हात किंचित हलला असेल तर तेही चव्हाट्यावर येते. भिंतीवर लावण्याजोगे भव्य चित्र या चौकटीतून काढू नये. हा खर्च. जमेला दुप्पट संख्या, लहान देह, जवळचे-दूरचे दोन्ही स्पष्ट येणारे भिंग आणि उभी चौकट.

या उभ्या चौकटीविषयी दोन शब्द. नेहमीचा कॅमेरा सरळ धरला की चित्र आडवे येते. हा सरळ धरला की उभे येते. पेणला हे माप जणू मानवते. पाटावर बसलेली, मुकुटासह वर जाणारी गणपतीची मूर्ती या चौकटीत नेमकी बसते. दारात उभी असलेली बाई, दीपमाळ, नारळाचे झाडही बसते. रोह्याचे तसे नाही. कुंडलिका आडवी वाहते, अष्टमीचा काठ आडवा पसरतो, धावीर महाराजांची पालखी निघते आणि तिला पोलिसांची मानवंदना मिळते, तेव्हाची गर्दीही आडवीच. तेथे कॅमेरा उभा करावा लागतो. म्हणजे पेणला सरळ धरा आणि रोह्याला फिरवा. गमतीने म्हणतो, दोन्ही गावांनी राग मानू नये. आणि हेही पाहा, आज आपण सारे खिशातला दूरध्वनी उभा धरून जे चित्र काढतो, त्याची रुंदी आणि उंची बहुतेक तीनास चार या प्रमाणात असते. अठरास चोवीस हेच ते प्रमाण. जी चौकट अर्धी म्हणून बाजूला टाकली, ती आज घरोघरी आहे.

मग हे कॅमेरे मागे का पडले? फिल्म आणि प्रती तुलनेने स्वस्त होत गेल्या, तशी काटकसरीची निकड कमी झाली. पूर्ण चौकटीचे कॅमेरेच खिशात मावू लागले. १९६६ चा 'रोलाय ३५' घ्या, किंवा १९६७ चा ऑलिंपसचाच 'ट्रिप ३५' घ्या, ज्यात ईईची सारी युक्ती पूर्ण चौकटीसाठी वापरली होती. आणि तिसरे कारण आपण रोह्याच्या पाकिटात पाहिले: छापणाऱ्यांची यंत्रे या मापाशी जुळवून घेईनात. वस्तू चांगली असूनही व्यवस्था तिला ओळखत नसेल तर वस्तूच सदोष ठरते. अलीकडे मात्र परदेशांतील तरुण पुन्हा हौसेने याकडे वळले आहेत. कोडॅकच्या नावाने २०२२ मध्ये 'एक्टार एच ३५' आला. २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा कॅमेरा काढला आणि चौकटीची रुंदी १७ मिलिमीटर म्हणून त्याला 'पेंटॅक्स १७' असेच नाव दिले. मैतानी २००९ मध्ये वारले. हे पाहावयास ते नव्हते.

आता पुन्हा त्या पाकिटाकडे. पट्ट्या सहा, प्रत्येकीवर बारा चौकटी, एकूण बहात्तर. आम्ही त्या उजेडाच्या काचेवर मांडल्या, काठावरच्या आकड्यांवरून क्रम लावला आणि एकेक चौकट सुटी करून पाहिली. श्रोतेहो, आम्ही थक्क झालो. हे बिघडलेले फोटो नव्हते; ही एक सबंध हकिगत होती. घरातील कोणी एक माणूस पेणला गणपतीच्या कारखान्यात गेला होता, आणि एकदा नव्हे, दोन-तीनदा गेला होता. पहिल्या पट्टीवर शाडूची माती तिंबणारे हात. मग साच्यातून निघालेली मूर्ती. मग फळीवर ओळीने वाळत ठेवलेल्या मूर्ती आणि त्यांच्यामधून वाकून जाणारा एक मुलगा. मग रंगाची भांडी. त्यानंतर एस.टी., मांडीवर कपड्यात गुंडाळलेली मूर्ती, मागे सरणारे पावसाळी रस्ते. रोह्याचे घर, मखर, आरती, पाटावरचे आजोबा. आणि शेवटच्या पट्टीवर कॅमेरा आडवा फिरविलेला. कुंडलिकेचा घाट, पाण्यात उतरलेली माणसे, आणि अखेरच्या चौकटीत नुसते पाणी. पेणच्या मातीपासून रोह्याच्या पाण्यापर्यंत एका मूर्तीचा सारा प्रवास एका रोलमध्ये होता. दादासाहेबांनी वाटाण्याचे जे केले, ते या अनामिक गृहस्थाने गणपतीचे केले होते. बारा चित्रांच्या कॅमेऱ्यात हे झाले नसते. त्यात एकच चित्र आले असते, मखरातले.

पण हकिगत सबंध होती असे आम्ही म्हटले, ते पुरते खरे नाही. सहांपैकी तिसरी पट्टी ओलीने शेजारच्या कागदाला चिकटली होती आणि बुरशीने तिच्यावरचा थर खाल्ला होता. बारा चौकटी गेल्या. रंगाच्या भांड्यांनंतरचीच ती पट्टी. पेणच्या मूर्तीचे नाव ज्या कामावर आहे ते डोळ्यांच्या आखणीचे काम बहुधा तिच्यावर होते. कोणाचा हात तो, कुंचला कसा धरला होता, श्वास रोखून तो कारागीर कसा बसला होता, हे आता कोणालाही दिसणार नाही. पन्नास वर्षे जे टिकले होते, ते "बिघडले आहे" या एका समजुतीने कपाटाच्या तळाशी गेले आणि तेथे ओल लागून संपले.

म्हणून आज आपल्याजवळ मागणे आहे, आणि ते कॅमेऱ्यासाठी नाही. आपल्या दोन्ही गावांत, आणि मधल्या नागोठण्यात व खेड्यापाड्यांत, अशी किती पाकिटे असतील! काही जुलै १९८९ च्या पुरात गेली असतील. त्या वर्षी अंबा नदीने जांभूळपाडा आणि नागोठणे येथे काय केले, हे येथील कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पुराचा इलाज आपल्या हाती नाही. समजुतीचा आहे. मधोमध काळी रेघ असलेली जोडप्रत सापडली तर ती टाकू नका. तिच्या निगेटिव्ह शोधा. पट्ट्या कात्रीने कापू नका, बोटे फक्त काठांना लावा. चिकटलेल्या पट्ट्या जोराने ओढू नका. थर निघून येतो. पाकिटाला शिर्क्यासारखा आंबूस वास येत असेल तर फिल्मचे अंगच कुजू लागले आहे असे समजा. ती पट्टी इतरांपासून वेगळी ठेवा आणि तिची नक्कल आधी करून घ्या. आपल्या कोकणात चार महिने हवेत पाणी असते. तेव्हा लोखंडी ट्रंक आणि जमिनीलगतचे कपाट सोडून उंच, कोरड्या, हवेशीर जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या घालून त्या ठेवा. नक्कल काढावयास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पांढऱ्या उजेडाची काच, एक चांगला अंकीय कॅमेरा आणि स्थिर हात एवढ्यावर काम भागते. फक्त काम करणाऱ्याला आधीच बजावा, "ही अर्धी चौकट आहे, आठ नव्हे, चार भोकांची."

जुना कॅमेराच हाती लागला तर भिंगाभोवतालची कडी तळहाताने झाकून बटण दाबून पाहा. लाल जीभ वर आली आणि बटण अडले, की समजावे काटा अजून हलतो आहे. भिंगात जाळीसारखी बुरशी दिसली तर घरी खोलू नका, जाणत्याकडे द्या.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. निगेटिव्ह पन्नास वर्षे टिकते, नीट ठेवली तर याहूनही टिकेल. पण त्यातील माणसांची नावे निगेटिव्हवर नसतात. ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतात आणि त्यांच्याबरोबर जातात. त्या पाकिटातील मूर्तींच्या ओळीमधून वाकून जाणारा तो मुलगा कोण, हे आम्ही पेणला दोन-चार कारखान्यांत विचारले. एका वृद्ध कारागिरांनी चित्र हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ही फळी आमची. मुलगा ओळखू येत नाही. भाऊ असता तर त्याने सांगितले असते." भाऊ मागील वर्षी वारला होता. आम्ही एक वर्ष उशिरा पोचलो.

तेव्हा आज घरी गेल्यावर आधी कपाट उघडू नका. आधी आजीजवळ बसा. मग कपाट उघडा. चित्र तिच्यापुढे धरा, ती नाव सांगेल ते पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहा, सालासकट लिहा. चालकांची संमती असेल तर पुढील वर्षी याच मंडपात एक दिवस व्याख्यानाऐवजी आपणच आपल्या पट्ट्या घेऊन यावे. आम्ही उजेडाची काच घेऊन येऊ. बोलावयाचे काम तेव्हा आपण करावयाचे आणि आम्ही ऐकावयाचे.